रिलॅक्संट उतरलं की नाही हे अंगठ्यावर कसं ओळखायचं, आणि मायस्थेनियाच्या पेशंटला भूल कुठे द्यायची

प्रश्न थोडक्यात असा. चिपळूण, गुहागर आणि खेड इथल्या नर्सिंग होममध्ये फिरून भूल देणारे एक तरुण भूलतज्ज्ञ लिहितात की त्यांच्याकडे जुना, साधा नर्व्ह स्टिम्युलेटर (मज्जातंतूला विजेचे बारीक झटके देणारं यंत्र) आहे; आकडा दाखवणारा मॉनिटर नाही. हाताशी अ‍ॅट्राक्युरियम आणि व्हेक्युरोनियम ही रिलॅक्संट, म्हणजे भुलीत स्नायू सैल करणारी औषधं, असतात. आजवर निओस्टिग्मिन हे रिव्हर्सल, म्हणजे रिलॅक्संटचा असर उतरवणारं औषध, देऊन, पेशंटने पाच सेकंद डोकं उचलून धरलं की ते श्वासनलिकेतली ट्यूब काढत आले. आता ५८ वर्षांच्या, ६२ किलो वजनाच्या एका बाईंचं पित्ताशय दुर्बिणीतून काढायचं आहे. त्यांना पाच वर्षांपासून मायस्थेनिया ग्रॅव्हिस (मज्जातंतूचा निरोप नीट न पोचल्याने स्नायू दमतात तो आजार) आहे; त्यासाठी पायरिडोस्टिग्मिन ६० मिग्रॅ दिवसातून चार वेळा आणि प्रेडनिसोलोन १० मिग्रॅ चालू आहे. नेहमीची पद्धत त्यांना चालेल का? आणि लहान मुलांच्या हर्नियाच्या शिबिरात सक्सामिथोनियम (सक्स) हे झटपट असर करणारं रिलॅक्संट वापरावं का?

वरवर पाहता हे तीन प्रश्न वेगळे आहेत, पण तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत किती पोचतोय हे आपण अंदाजाने ठरवतो की तपासून? निरोगी पेशंटमध्ये अंदाज चुकला तरी बहुतेक वेळा निभावतं, म्हणून चूक ध्यानात येत नाही. मायस्थेनियात आणि स्नायूंच्या आजारात तोच अंदाज अंगाशी येतो. त्यामुळे आधी निरोगी पेशंटबद्दल लिहिते, मग बाईंकडे वळते.

डोकं उचलण्याच्या चाचणीत खोट कुठे आहे ते पाहू. रिलॅक्संट सगळ्या स्नायूंवर सारखं बसत नाही आणि सारखं उतरतही नाही. श्वासपटल चिवट असतं. त्याच्यावरचा असर सगळ्यात आधी जातो. घशाचे आणि जिभेखालचे स्नायू, म्हणजे श्वासाची वाट उघडी ठेवणारे आणि थुंकी गिळणारे, मात्र शेवटपर्यंत दुबळे राहतात. म्हणून पेशंट छान खोल श्वास घेतोय, टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा) ४०० मिली दिसतोय, आणि तरीही ट्यूब काढल्यावर जीभ मागे पडते, घोरल्यासारखा आवाज येतो, सॅच्युरेशन उतरतं. पाच सेकंद डोकं उचलणं हे टीओएफ गुणोत्तर (ते काय हे पुढे सांगते; फेड अजिबात नसेल तर १.०) ०.५ ते ०.६ असतानाही बऱ्याच जणांना जमतं. घसा सुरक्षित व्हायला ते किमान ०.९ लागतं. मधल्या पट्ट्यात गिळणं बिघडलेलं असतं, आणि ऑक्सिजन कमी झाल्यावर श्वास वाढवण्याची शरीराची सवयही मंदावलेली असते. म्हणजे पेशंट गुदमरतोय आणि त्याचं शरीर त्याची दखलही नीट घेत नाही.

टीओएफ म्हणजे ट्रेन-ऑफ-फोर, एकापाठोपाठ चार झटके, दर अर्ध्या सेकंदाला एक. चौथ्या झटक्याचं आकुंचन पहिल्याच्या किती पट आहे, ते गुणोत्तर. रिलॅक्संट शिल्लक असलं की प्रत्येक झटक्यागणिक आकुंचन दुबळं होत जातं. त्यालाच आपण फेड म्हणतो. अमेरिकन सोसायटी ऑफ अ‍ॅनेस्थेसिऑलॉजिस्ट्सच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात: आकडा मोजणारा मॉनिटर, तो अंगठ्यावर, आणि ट्यूब काढण्यापूर्वी ०.९ किंवा त्याहून जास्त. हे आदर्श झालं. तुमच्याकडे ते यंत्र आज नाही, म्हणून साध्या स्टिम्युलेटरवर जास्तीत जास्त काय कळतं ते बारकाईने सांगते.

इलेक्ट्रोड दोनच, ईसीजीचेच, पण ताजे. आपल्याकडच्या हवेत पाकीट उघडून ठेवलं की आठवड्यात जेल सुकतं, आणि पावसाळ्यात चिकटपणा जातो. "मशीन चालत नाही" या तक्रारींत मी आधी इलेक्ट्रोड बदलायला सांगते, मग बॅटरी. जागा: तळहात वर, मनगटाच्या घडीपासून बोटभर वर, करंगळीच्या बाजूला जो जाड कंडरा लागतो त्याच्या आतल्या अंगाला काळा, म्हणजे ऋण इलेक्ट्रोड. लाल त्याच्या दोन ते तीन सेंटिमीटर वर, कोपराकडे. काळा वर आणि लाल खाली लावला तर प्रतिसाद दुबळा येतो, आणि मग माणूस उगाच करंट वाढवत बसतो. कातडी आधी स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी करा. घामेजल्या मनगटावर करंट कातडीवरूनच निघून जातो.

करंट ठरवायची वेळ म्हणजे पेशंट झोपल्यावर आणि रिलॅक्संट देण्यापूर्वी. १० मिलिअँपिअरने वाढवत न्या. अंगठ्याचं आकुंचन वाढायचं थांबलं की त्यावर आणखी २० टक्के. बहुतेकांना ४० ते ६० मध्ये पुरतं. ही पायरी गाळली आणि रिलॅक्संट दिल्यावर मशीन लावलं, तर कमी प्रतिसाद औषधामुळे आहे की अपुऱ्या करंटमुळे, हे सांगता येत नाही. दोन टीओएफमध्ये किमान १० ते १५ सेकंद जाऊ द्या.

आता बोटाचं काम. पेशंटची चार बोटं तळहातावर सैल मुडपून धरा. अंगठा हलकेच बाहेरच्या बाजूला ताणा आणि आपल्या तर्जनीचं टोक त्याच्या शेवटच्या पेरावर टेकवा. झटका आला की अंगठा आत, तळहाताकडे ओढला जातो आणि तुमच्या बोटाला टोचणी लागल्यासारखं कळतं. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असे मनात मोजा. करंगळी हलताना दिसते ती मोजू नका. तिथले स्नायू इलेक्ट्रोडच्या इतके जवळ असतात की करंट त्यांना थेट आकुंचित करू शकतो. डोळ्यांनी बघण्यापेक्षा बोटाला जास्त कळतं, पण बोटाचीही मर्यादा आहे आणि ती या सगळ्या उत्तरातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे: गुणोत्तर ०.४ च्या वर गेलं की अनुभवी माणसालाही फेड जाणवत नाही. चारही आकुंचनं सारखी लागली याचा अर्थ गुणोत्तर ०.४ आणि १.० यांच्यामध्ये कुठेही असू शकतं. स्टिम्युलेटरवर डबल बर्स्टचं (झटक्यांच्या दोन छोट्या फैरींचं) बटण असेल तर जरूर वापरा. त्यात फेड साधारण ०.६ पर्यंत जाणवते. तरीही ०.६ ते ०.९ हा पट्टा हाताला अंधारातच राहतो.

त्या अंधाऱ्या पट्ट्याचा एकच उपाय, वेळ आणि रिव्हर्सल यांचा हिशोब काटेकोर ठेवणं. अंगठ्यावर चारपेक्षा कमी आकुंचनं लागत असतील तर निओस्टिग्मिन देऊ नका. पेशंटला झोपलेलाच ठेवा, व्हेंटिलेट करा, थांबा. चार लागतात पण फेड जाणवते: ४० ते ५० मायक्रोग्रॅम प्रतिकिलो, जास्तीत जास्त ५ मिग्रॅ, आणि घड्याळ लावून किमान १५ मिनिटं. चार लागतात, फेड जाणवत नाही: २० ते ३० मायक्रोग्रॅम प्रतिकिलो आणि किमान १० मिनिटं. निओस्टिग्मिनचा कमाल असर यायलाच ७ ते ११ मिनिटं लागतात. टाके घालून होताना दिलं आणि तीन मिनिटांत ट्यूब काढली, तर औषधाला काम करायला आपण वेळच दिला नाही. सेवोफ्लुरेन हा भुलीचा वायू चालू असेल तर हा वेळ आणखी लांबतो, म्हणून व्हेपोरायझर आधी बंद करा. आपल्याकडे ५ मिलीच्या तयार अँप्यूलमध्ये २.५ मिग्रॅ निओस्टिग्मिन आणि ०.५ मिग्रॅ ग्लायकोपायरोलेट एकत्र येतं. ५० किलोच्या पेशंटला एक अख्खं अँप्यूल ५० मायक्रोग्रॅमच्या हिशोबाने बरोबर पडतं. पण सगळ्यांनाच एक अँप्यूल ही सवय सोडा: ८० किलोच्या माणसाला ते अपुरं, आणि ज्याच्यात औषध जवळजवळ उतरलंच आहे त्याला जास्त.

खोल ब्लॉकमध्ये निओस्टिग्मिन का चालत नाही, हे एकदा पक्कं समजलं की घाई आपोआप थांबते. ते रिलॅक्संटला हात लावत नाही. फक्त अ‍ॅसिटिलकोलीन (मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोचवणारं रसायन) तोडणारं एन्झाइम रोखून अ‍ॅसिटिलकोलीन वाढवतं, आणि त्या वाढीला कमाल मर्यादा आहे. एन्झाइम पूर्ण रोखलं गेलं की पुढचा डोस काहीच वाढवत नाही. इथे साप चावलेले पेशंट पाहणाऱ्यांना हे लगेच पटेल. नागाचं विष स्नायूवरच्या रिसेप्टरवर बसतं, म्हणून निओस्टिग्मिनने पापण्या उघडतात. मण्यार मज्जातंतूचं टोकच निकामी करते. तिथे वाढवायला अ‍ॅसिटिलकोलीनच सुटत नाही, म्हणून निओस्टिग्मिन व्यर्थ आणि व्हेंटिलेटर हाच आधार. दुसरी बाजूही लक्षात ठेवा: गुणोत्तर आधीच ०.९ च्या वर असताना मोठा डोस दिला तर घशाचे स्नायू उलट दुबळे होऊ शकतात.

"एकच डोस दिला, दोन तास झाले, रिव्हर्सल कशाला" हा विचार आपल्याकडे फार रुजला आहे. फ्रान्समध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५२६ पेशंटना फक्त एकच इंट्युबेशनचा डोस दिला होता आणि रिव्हर्सल दिलं नव्हतं. रिकव्हरीत ४५ टक्के जणांचं गुणोत्तर ०.९ च्या खाली होतं. ज्यांना डोस देऊन दोन तासांहून जास्त वेळ झाला होता त्यांच्यातही ३७ टक्के. वेळ मोजणं आवश्यक आहे, पण नुसत्या वेळेवर विसंबता येत नाही.

हात चादरीखाली बांधले म्हणून पुष्कळ जण इलेक्ट्रोड भुवईजवळ लावतात. शस्त्रक्रियेदरम्यान चालेल, रिव्हर्सल ठरवताना नाही. तिथे करंट स्नायूला थेट लागतो, आणि डोळ्याभोवतीचे स्नायू अंगठ्यापेक्षा लवकर सुटतात, त्यामुळे चार आकुंचनं दिसतात आणि अंगठ्यावर दोनच असतात. टाके सुरू झाले की सर्जनला सांगून एक हात मोकळा करून घ्या. हात थंड असेल तरी प्रतिसाद खोटा कमी येतो. एसीखाली उघडा राहणारा हात कापसाच्या रोलने गुंडाळून ठेवा.

आपल्या भागातल्या काही गोष्टी डोस ठरवताना ध्यानात घ्याव्या लागतात. अ‍ॅट्राक्युरियमला फ्रीज लागतो. २ ते ८ अंशांच्या बाहेर काढलं की १४ दिवसांत वापरायचं. पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाइट जाते, आणि त्या फ्रीजमधलं अ‍ॅट्राक्युरियम कमजोर झालेलं असू शकतं. मग डोस पुरत नाही, टॉप-अप वाढतात, आणि मधेच नवीन अँप्यूल फोडलं की तोच डोस जास्त बसतो. अँप्यूलच्या ट्रेवर फ्रीजबाहेर काढल्याची तारीख मार्करने लिहा. व्हेक्युरोनियम पावडर असल्यामुळे खोलीच्या तापमानाला टिकतं, पण किडनी बिघडलेल्या पेशंटमध्ये ते रेंगाळतं. श्रावण-भाद्रपदात लेप्टोतून (लेप्टोस्पायरोसिसमधून) उठलेला पेशंट असेल तर क्रिएटिनिन पाहिल्याशिवाय देऊ नका. तिथे अ‍ॅट्राक्युरियम बरं, ते किडनीवर अवलंबून नाही. एक्लॅम्प्सियासाठी (गरोदरपणातल्या झटक्यांसाठी) मॅग्नेशियम दिलेल्या बाईला रिलॅक्संट कमी लागतं आणि जास्त वेळ टिकतं. अमिकासिन आणि जेंटामायसिन ही अँटिबायोटिकंही तेच करतात. आणि आंब्याला मोहोर आला की फवारणी सुरू होते: ज्या माणसाने आठ-पंधरा दिवस ऑर्गनोफॉस्फेटची फवारणी केली आहे, त्याच्या रक्तातलं कोलिनएस्टरेज (सक्स तोडणारं एन्झाइम) खाली गेलेलं असू शकतं आणि सक्सामिथोनियम पाच-सात मिनिटांऐवजी बराच वेळ टिकू शकतं. "बागेत फवारणी केली होती का" हा प्रश्न आपल्या प्री-अ‍ॅनेस्थेटिक फॉर्मवर छापलेलाच असावा.

आता बाईंकडे. इथे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे आणि तुम्ही दिलेल्या माहितीवरून मला ते कळत नाही. पायरिडोस्टिग्मिन दिवसाला २४० मिग्रॅ, आजार पाच वर्षांचा, हे आकडे मध्यम आहेत. पण ठरवायचं आहे ते घसा आणि श्वास यांवर. त्यांना विचारा: तांदळाची भाकरी चावताना जबडा दमतो का? जेवणाचे शेवटचे घास पेज किंवा सोलकढी घेऊन ढकलावे लागतात का? पाणी नाकातून येतं का? संध्याकाळी बोलताना आवाज नाकात जातो का? एका श्वासात आकडे मोजायला सांगा. वीसच्या आत थांबल्या तर मी काळजी करते. स्पायरोमीटर असेल तर व्हायटल कपॅसिटी (पूर्ण खोल श्वास घेऊन सोडता येणारी हवा) लिहून ठेवा, कारण शस्त्रक्रियेनंतर तिच्याशीच तुलना करायची आहे. याआधी कधी मायस्थेनियाने व्हेंटिलेटरवर गेल्या होत्या का, हा प्रश्न विसरू नका. यातल्या एकालाही उत्तर हो आलं तर आधी न्यूरॉलॉजिस्टकडून आजार आटोक्यात आणून घ्यायचा, पित्ताशय थांबू शकतं.

सगळं ठीक आलं तरी दुसरा निकष असा: त्या रात्री तुमच्याकडे व्हेंटिलेटरसह बेड आहे का, आणि पहाटे तीन वाजता तो चालवणारा माणूस हजर आहे का? नसेल तर माझं मत स्पष्ट आहे, ही शस्त्रक्रिया तिथे करू नका. कराड किंवा कोल्हापूरला, जिथे न्यूरॉलॉजिस्ट आणि आयसीयू एकाच छताखाली आहेत, तिथे त्यांना चालत्या-बोलत्या असताना पाठवा. ट्यूब काढल्यानंतर क्रायसिस आला, म्हणजे श्वासाचे स्नायूच थकले, आणि आषाढातल्या रात्री, दरडीच्या भीतीत, अ‍ॅम्बूबॅग दाबत कुंभार्ली घाट चढायचा, ही वेळ त्यांच्यावर आणि तुमच्यावर येऊ नये. नातेवाईकांना तुमच्या हातावर भरवसा असेल, तुमच्याकडेच करा म्हणतील. तरी पाठवा.

बेड आणि माणूस दोन्ही असतील तर पद्धत अशी. सकाळची पायरिडोस्टिग्मिनची गोळी द्यावी की गाळावी यावर मतभेद आहेत. गोळी चुकली की घसा दुबळा होतो अशा पेशंटला मी देते, आणि शुद्धीवर येऊन गिळता आलं की पुढची वेळेवर. प्रेडनिसोलोन ५ मिग्रॅ किंवा जास्त महिनाभर चालू असल्यामुळे इंडक्शनला (भूल सुरू करताना) हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅ. आधी मिडाझोलाम (गुंगीचं औषध) नको. स्टिम्युलेटर प्रोपोफॉलनंतर (झोपेच्या इंजेक्शननंतर) लगेच, कोणत्याही रिलॅक्संटच्या आधी. रिलॅक्संट न देताच फेड जाणवली तर समजा की त्या फार संवेदनशील आहेत, आणि ट्यूब काढताना त्यांच्याकडून त्या मूळ पातळीपेक्षा जास्त अपेक्षा करता येणार नाही.

पहिला पर्याय, रिलॅक्संटच नको. प्रोपोफॉल, फेंटानिल, सेवोफ्लुरेन खोल नेऊन आणि स्वरयंत्रावर लिग्नोकेन फवारून बहुतेक मायस्थेनिक पेशंट छान इंट्युबेट होतात, कारण त्यांचे स्नायू मुळातच सैल असतात. सर्जनला पोटातला दाब १० ते १२ वर ठेवायला सांगा. तेवढ्याने भागलं नाही तर अ‍ॅट्राक्युरियम, पण ०.५ नव्हे, ०.१ मिग्रॅ प्रतिकिलोपेक्षा कमी. म्हणजे बाईंना नेहमीच्या ३१ मिग्रॅऐवजी ५ मिग्रॅ, तीन मिनिटं थांबून अंगठा तपासून, लागलंच तर आणखी ५. अंगठ्यावर दोन आकुंचनं उरली की पुरे. सक्सामिथोनियमला हे पेशंट उलट दाद देत नाहीत. पोट भरलेलं असताना द्यायची वेळ आली तर १.५ ते २ मिग्रॅ प्रतिकिलो लागतं, आणि पायरिडोस्टिग्मिनमुळे ते जास्त वेळ टिकू शकतं.

रिव्हर्सल ही खरी अडचण. बाईंच्या स्नायूंजवळचं कोलिनएस्टरेज, म्हणजे वर सांगितलेलं तोडणारं एन्झाइम, गोळ्यांनी आधीच रोखलेलं आहे. वर निओस्टिग्मिन टाकलं तर कदाचित काहीच होणार नाही, कदाचित कोलिनर्जिक क्रायसिस येईल: लाळ, घाम, बारीक बाहुल्या, मंद नाडी आणि आणखी दुबळेपणा. मग मायस्थेनियाचा क्रायसिस कुठला आणि औषधाचा कुठला, हेही ओळखणं कठीण. म्हणून अ‍ॅट्राक्युरियम दिलं असेल तर ते आपोआप उतरू द्या, घाई नको. सगळ्यात चांगला मार्ग रोक्युरोनियम हे रिलॅक्संट आणि त्याचं रिव्हर्सल सुगामाडेक्स हा आहे. सुगामाडेक्स रोक्युरोनियमच्या रेणूलाच वेढून बाजूला करतं, एन्झाइमशी त्याचा संबंध नाही. अंगठ्यावर दोन किंवा अधिक आकुंचनं असतील तर २ मिग्रॅ प्रतिकिलो, बाईंना १२४ मिग्रॅ, म्हणजे २०० मिग्रॅच्या एका व्हायलमध्ये काम होतं. टीओएफला एकही आकुंचन नसेल तर आधी पोस्ट-टेटॅनिक काउंट पाहा: ५० हर्ट्झचा टेटॅनस (सलग झटके) पाच सेकंद, तीन सेकंद थांबून दर सेकंदाला एक झटका. एक-दोन आकुंचनं आली तर ४ मिग्रॅ प्रतिकिलो, २४८ मिग्रॅ, दोन व्हायल लागतील. म्हणून दोन आधीच आणून ठेवा. व्हेक्युरोनियमवरही ते चालतं, अ‍ॅट्राक्युरियमवर अजिबात नाही. अ‍ॅट्राक्युरियम देऊन वर सुगामाडेक्स टाकणं म्हणजे पैसे आणि वेळ दोन्ही वाया. आणि दिल्यानंतरही अंगठा तपासा. मायस्थेनियात औषध निघून गेलं तरी आजार मागे राहतो.

त्यांच्या केसपेपरवर लाल शाईत लिहा: अमिकासिन, जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन, मॅग्नेशियम, बीटा ब्लॉकर नको. हे लिहायचं कारण, तिसऱ्या दिवशी ताप येतो, ड्यूटीवरचा मुलगा सवयीने अमिकासिन लिहितो, आणि रात्रीत श्वास लागतो. सेफॅझोलिन चालतं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, पोर्टच्या जागी ब्युपिव्हाकेन आणि लागलं तर थोडंसं फेंटानिल.

पहिले २४ तास सिस्टरला काय बघायचं ते नेमकं सांगा: मान उशीवरून उचलता येते का, आवाज नाकात जातो का, लाळ तोंडात साठते का, आणि दर दोन तासांनी एका श्वासात किती आकडे मोजतात. पंचविसावरून बारावर आल्या की तुम्हाला फोन. सॅच्युरेशन सगळ्यात शेवटी पडतं, ऑक्सिजनच्या मास्कखाली तर फारच उशिरा. ९८ दिसतंय म्हणून बिनघोर राहू नका. व्हायटल कपॅसिटी १५ ते २० मिली प्रतिकिलोच्या खाली, म्हणजे बाईंना साधारण सव्वा लिटरच्या आत गेली, तर दम लागायची वाट न पाहता ट्यूब टाका.

इथवरचा गोषवारा: निरोगी पेशंटला अंगठ्यावर चार आकुंचनं, मग निओस्टिग्मिन, मग घड्याळ. बाईंना निओस्टिग्मिन नाही, रिलॅक्संट जमलं तर नाहीच, आणि रात्रीचा बेड नसेल तर तुमच्याकडे शस्त्रक्रियाही नाही. पुढे पैसे जमले की तुम्ही काय घ्यावं, तर आकडा दाखवणारा मॉनिटर, नवीन व्हिडिओ लॅरिंगोस्कोपच्याही आधी. अ‍ॅक्सिलरोमीटरचा (अंगठ्याची हालचाल मोजणारा) असेल तर अंगठा मोकळा हलायला हवा, आणि त्याचं सुरुवातीचं गुणोत्तर १.१ सुद्धा येतं, त्यामुळे तिथे ०.९ नव्हे, १.० ची वाट पाहा. ईएमजीचा (स्नायूतली वीज मोजणारा) असेल तर हात बांधलेला असला तरी चालतो. फिरतीच्या कामाला मला तोच बरा वाटतो.

शिबिरातल्या मुलांबद्दल. सक्सामिथोनियम नेहमीच्या इंट्युबेशनला नको. हर्नियाच्या मुलांचं वय साधारण दोन ते सहा, आणि ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायू झिजवणाऱ्या आजाराचे मुलगे याच वयात अजून निदान न झालेले असतात. त्यांच्यात सक्सने स्नायूंच्या पेशी फुटतात, पोटॅशियम एकदम चढतं आणि हृदय थांबतं. आईला विचारा: मुलगा दीड वर्षानंतर चालायला लागला का, जिना चढताना दमतो का, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकून वर येतो का, पोटऱ्या जाड आणि घट्ट आहेत का. आणि मामा कुणी लहान वयात चालायचा थांबला होता का; हा आजार आईकडून येतो, म्हणून प्रश्न मामाबद्दल आहे, काकाबद्दल नाही. शंका आली तर रक्तातलं सीके (स्नायूतून येणारं एन्झाइम) तपासा. या मुलांत ते पहिल्या वर्षांपासूनच नेहमीच्या दहापट ते शंभरपट असतं. कधीकधी एसजीपीटी (यकृताच्या तपासणीतलं एन्झाइम) वाढलेलं पाहून कावीळ समजून औषधं चालू असतात. ते एन्झाइम स्नायूतूनही येतं. अशा मुलाला शिबिरात भूल देऊ नका. मोठ्या केंद्रात द्यायची तर सक्स नाही, सेवोफ्लुरेनसारखे भुलीचे वायूही नकोत. प्रोपोफॉल आणि कॉडल (माकडहाडाजवळ इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर करणं).

लॅरिंगोस्पॅझम (स्वरयंत्र आवळून श्वास बंद होणं) सुटत नसेल आणि मूल निळं पडत असेल तर मात्र सक्सच द्यायचं, तिथे दुसरा विचार नाही. त्यानंतर मॉनिटरवर ईसीजीच्या टी लाटा उंच झाल्या, क्यूआरएस रुंद झाला किंवा हृदय थांबलं, तर निरोगी दिसणाऱ्या मुलातही पोटॅशियम वाढलंय असंच धरा आणि रिपोर्टची वाट पाहू नका. १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट ०.५ मिली प्रतिकिलो शिरेतून, लाटा तशाच राहिल्या तर पुन्हा. सोडाबायकार्ब १ मिलिइक्विव्हॅलंट प्रतिकिलो, श्वास जलद द्या, पाठोपाठ ग्लुकोज आणि इन्शुलिन. छाती दाबणं लवकर थांबवू नका. पोटॅशियम उतरायला वेळ लागतो, आणि बराच वेळ दाबल्यानंतरही अशी मुलं परत येऊ शकतात. म्हणून शिबिराच्या ट्रॉलीवर सक्सच्या अँप्यूलशेजारीच कॅल्शियम ग्लुकोनेटची चार अँप्यूल ठेवा, आणि मुलाच्या वजनाला किती मिली लागेल तो आकडा भूल देण्यापूर्वीच त्याच्या केसपेपरवर लिहा.